सौंसर: दिवस-रात्रीची मोडत चाललेली वाटणी

नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याकडे निघालेला प्रवासी राज्याची सीमा ओलांडतो, पण ती ओलांडल्याचे त्याला कळते ते केवळ रस्त्याकडेच्या फलकांवरून. भाषा तीच राहते, पोळा तोच, संत्र्याच्या बागाही त्याच. सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते, पुढे ते मध्य प्रांतात आले आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा जिल्हा वेगळा झाला आणि सौंसर त्यात गेले. जाम आणि कन्हान या नद्यांच्या खोऱ्यात संत्री, कपाशी आणि मका ही इथली पिके. उत्तरेकडे रामाकोना मागे पडले की सिल्लेवानीचा घाट लागतो, सपाटीवरची शेती संपते आणि सातपुड्याचे सागवान सुरू होते.

शेत आणि जंगल यांच्या या शिवणीवर माणसे आणि वन्यप्राणी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिले. त्यांच्यात कोणताही लेखी करार नव्हता, पण एक वाटणी होती. दिवस माणसाचा, रात्र जनावरांची. सूर्य मावळला की माणसाने गाव गाठायचे आणि झुंजुमुंजू होताच जनावराने रान गाठायचे. आज या भागात जो संघर्ष दिसतो, त्याचे वर्णन बहुधा जागेच्या भाषेत केले जाते: जंगल कमी झाले, जनावरे शेतात आली. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. इथे जमिनीइतकीच वेळेचीही वाटणी मोडत चालली आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी मोडते आहे.

माणसाचा वावर वाढला की वन्यप्राण्यापुढे ढोबळमानाने दोन मार्ग असतात. जागा सोडणे हा पहिला. पण जागा सोडायला दुसरी जागा हवी, आणि भारतासारख्या दाट वस्तीच्या देशात ती सहसा नसते. म्हणून तो दुसरा मार्ग धरतो. जागा तीच ठेवून वेळ बदलतो. कॅलिफोर्नियातील संशोधक केटलिन गेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा खंडांतील ७६ अभ्यासांची एकत्र छाननी करून २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. सस्तन प्राण्यांच्या ६२ प्रजातींची माहिती त्यात होती. जो प्राणी आपला वावर दिवस आणि रात्र यांत निम्मा-निम्मा वाटून घेत असे, तो माणसाच्या सान्निध्यात सरासरी ६८ टक्के वावर रात्रीच करू लागतो, असे त्यांना आढळले. लक्षणीय गोष्ट अशी की माणूस शिकारीला आला आहे, शेतीला आला आहे की नुसता फिरायला आला आहे, याने फारसा फरक पडत नव्हता. माणसाचे असणे एवढेच कारण प्राण्याला पुरे होते.

या भीतीची खोली किती असते, हे दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून दिसले. लियाना झनेट यांच्या चमूने पाणवठ्यांवर ध्वनिवर्धक लपवले आणि कधी सिंहाच्या गुरगुरण्याचा, कधी माणसांच्या शांतपणे बोलण्याचा आवाज ऐकवला. १९ प्रजातींचे निरीक्षण झाले. जवळजवळ साऱ्याच प्रजाती सिंहाच्या आवाजापेक्षा माणसाच्या आवाजाला अधिक घाबरल्या आणि पाणवठा सोडून गेल्या. सिंहाचे नाव आपण उगाच मोठे करून ठेवले आहे, असे त्या जिराफ-झेब्र्यांनी जणू सांगितले.

नेपाळमधील चितवन परिसरातील वाघांच्या अभ्यासातही हेच दिसले होते. ज्या पायवाटेवरून दिवसा सरपण-चारा आणणारी माणसे जात, त्याच वाटेवरून रात्री वाघ जात. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय यांनी केलेला अभ्यास तर मराठी वाचकाच्या अधिक जवळचा. तिथे अभयारण्य नव्हते, सलग जंगल नव्हते. होती ती शेती, वस्त्या आणि गावकुत्री. तरीही दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ बिबटे नांदत होते. त्यांच्या आहाराचा मोठा भाग पाळीव प्राण्यांचा होता आणि त्यातही कुत्र्यांचा वाटा सर्वाधिक. गावकऱ्यांना ते क्वचितच दिसत, कारण त्यांचा दिवस गाव झोपल्यावर उजाडत असे.

हीच रीत सौंसरच्या शिवारात पाहायची, तर संत्र्याची बाग माणसाच्या नव्हे, जनावराच्या नजरेने पाहावी लागते.

संत्र्याचे दोन बहार. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास येतात, आणि ती फळे धरून ठेवायची तर पुढचा सगळा उन्हाळा बागेला पाणी द्यावे लागते. मृग बहारासाठी उलट करतात. मे महिन्यात पाणी तोडून झाडाला ताण देतात आणि पावसाबरोबर फुले येऊ देतात. एप्रिल-मेमध्ये घाटावरचे सागवान पानगळीने उघडे पडते, ओढे आटतात, डोंगराच्या कुशीत सावली उरत नाही. त्याच वेळी पायथ्याशी आंबियाच्या बागा हिरव्यागार असतात, आळ्यांतली माती ओली असते, झाडांखाली गारवा असतो. रानडुकराला यापेक्षा वेगळे काय हवे? मऊ मातीत मुसंडी मारून किडे, कंद, मुळ्या खायच्या आणि त्याच चिखलात लोळून अंग थंड करायचे. या भागात नीलगायीला रोही म्हणतात. हे रोही कोवळी पालवी खुडतात, नरांची शिंगे घासून लहान रोपांची साल जाते. आणि पावसाळ्यात मका उभा राहिला की लपायला भिंत मिळते. छिंदवाडा परिसर हा मक्यासाठी मध्य प्रदेशात अग्रगण्य मानला जातो. पुरुषभर उंचीच्या, महिनोन्‌महिने सलग उभ्या राहणाऱ्या या पिकात डुकरांचा कळप शिरला तर दहा पावलांवरच्या माणसाला तो दिसत नाही. पोटभर खाणे आणि सुरक्षित आडोसा मिळाला की डुकरांची वीणही चांगली पोसते.

डुक्कर आणि रोही जिथे, तिथे त्यांच्यामागे बिबट्या, आणि अधूनमधून वाघही. शेतकरी म्हणतो, वाघ बागेत आला. वाघाच्या लेखी ती बाग नसते, भक्ष्य असलेले दाट झाडीचे रान असते.

इथवरची गोष्ट माणसाच्या वावराची झाली. हवामानबदल तिच्यात शिरतो तो उष्णतेच्या वाटेने. विदर्भ आणि त्याला लागून असलेल्या या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे नवे नाही, पण उन्हाचे तडाखे लांबत चालले आहेत. काळ्या दाट केसांचे अस्वल, धिप्पाड गवा, स्वतः वाघ, या साऱ्यांना दिवसाच्या उन्हात हालचाल करणे शरीराला परवडत नाही. वाघ डोहात बसून राहतो, अस्वल कपारीत पडून राहते. म्हणजे माणसाच्या भीतीने जे प्राणी रात्रीकडे सरकत होते, त्यांना आता ऊनही त्याच दिशेला ढकलते. ओढे लवकर आटले की पाण्याच्या शोधात खाली उतरावे लागते, आणि पाणी तर विहिरी, शेततळी आणि बागा यांतच उरलेले असते. कठडा नसलेल्या विहिरीत रात्री बिबट्या पडल्याच्या बातम्या मध्य भारतात वारंवार येतात, त्या अशाच शोधाचा शेवट असतात.

पावसाचीही घडी विस्कटली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. एकूण मोसमी पाऊस मात्र वाढला नाही, उलट घटण्याकडे कल राहिला. म्हणजे थोड्या दिवसांत धो धो आणि मग कोरडे खंड. ओढ्यानाल्यांतून पाणी वाहून जाते, झऱ्यांत ते मुरत नाही. बागाईतदारालाही याची झळ पोहोचते. मे महिन्यात अवकाळी पाऊस झाला की मृगाचा ताण तुटतो, फुले धड येत नाहीत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या शेतकऱ्यांनी अनुभवली आहे. ज्याचा एक बहार हवामानाने नेला, तो दुसऱ्या बहाराचे नुकसान डुकरांना माफ करायला तयार नसतो. वन्यप्राण्यांविषयीची सहनशीलता हा केवळ संस्कारांचा प्रश्न नाही. तो हातात किती पैसे उरले याचाही प्रश्न आहे.

आता वाटणीची दुसरी बाजू. रात्र जनावरांची, हे खरे, पण माणूस तरी रात्री घरी कुठे राहिला? शेतीपंपांची वीज पाळीने येते आणि तिचा एक भाग रात्री पडतो. तेव्हा आंबियाच्या बागेला पाणी द्यायचे तर रात्री जावे लागते, पाट फोडावे-वळवावे लागतात, अंधारात वाकून आळी पाहावी लागतात. डुकरे हाकलण्यासाठी जागल करावी लागते, म्हणजे माळ्यावर किंवा खोपीत रात्र काढून ओरडायचे, डबे वाजवायचे, बॅटरीचा झोत फिरवायचा. उन्हाळ्यात दुपारी काम अशक्य झाल्याने मजूर तांबडे फुटण्याआधीच शेतावर पोहोचतात. मार्च-एप्रिलमध्ये घाटाकडच्या गावांतील गोंड आणि इतर आदिवासी कुटुंबे पहाटेच मोहफुले वेचायला निघतात, कारण फुले रात्रीतून गळतात आणि उशीर झाला की गुरे ती खाऊन टाकतात. मोहाच्या झाडाखाली त्याच वेळी अस्वल असते. दोघेही मान खाली घालून फुले वेचण्यात गढलेले. अस्वलाची नजर मुळात अधू, आणि अचानक समोर आलेल्या माणसापुढून पळण्याऐवजी ते अंगावर धावून येते. मध्य भारतात अस्वलाने माणसांना जखमी करण्याच्या घटनांमागे पुष्कळदा एवढेच असते. त्यानंतर तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. त्याचीही वेळ पहाटेचीच.

म्हणजे प्राणी माणसाला टाळण्यासाठी रात्रीत शिरला, आणि ऊन, वीज व डुकरे यांनी माणसालाही त्याच रात्रीत ढकलले. जागेची टंचाई डोळ्यांना दिसते. वेळेची टंचाई नकाशावर उमटत नाही, म्हणून कोणत्याही आराखड्यात ती येत नाही.

त्यातून निघालेला सर्वांत घातक उपाय म्हणजे बागेभोवती सोडलेली वीजप्रवाहाची तार. झटका देऊन हाकलणारे सौर कुंपण वेगळे. त्यात प्रवाह क्षणभराचा असतो आणि प्राणी मरत नाही. पण ते विकत घ्यावे लागते, आणि खांबावरून आकडा टाकून ओढलेली तार जवळजवळ फुकट पडते. ती डुकरासाठी लावलेली असली तरी अंधारात ती कोणाला स्पर्श करते हे तिला ठरवता येत नाही. बिबटे मरतात, वाघ मरतात, आणि शेजारच्या शेतात पाणी द्यायला निघालेली माणसेही मरतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, पण अशा तारेचा पुरावा सकाळपर्यंत गुंडाळून झालेला असतो.

वाघाच्या बाबतीत तर सौंसरच्या शिवाराचे मोल एका तालुक्यापुरते नाही. पूर्वेला पेंच, वायव्येला सातपुडा आणि पश्चिमेला मेळघाट, या व्याघ्र प्रकल्पांमधले दुवे दक्षिण छिंदवाड्याच्या वनपट्ट्यातून जातात. कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाट येथील वाघांच्या जनुकीय अभ्यासातून २०१३ साली संदीप शर्मा, तृष्णा दत्ता आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या वनपट्ट्यांमुळेच त्यांच्यातील रक्तसंबंध टिकून राहिले आहेत. मध्य प्रदेशातील वाघांची अनुमानित संख्या २०१८ मध्ये ५२६ होती, ती २०२२ मध्ये ७८५ झाली. वाढलेल्या संख्येतले तरुण नर दोन वर्षांच्या आसपास आईपासून सुटतात आणि स्वतःचे क्षेत्र शोधत निघतात. ते नकाशा पाहून निघत नाहीत.

२०१८ साली अशाच एका वाघाने चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरातून निघून अमरावती जिल्हा गाठला. ऑक्टोबरमध्ये तिथे दोन माणसे त्याच्या हल्ल्यात दगावली. पुढे तो मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात शिरला आणि डिसेंबरमध्ये सारणी येथे, पुन्हा एका औष्णिक वीज केंद्राच्या सावलीत, पकडला गेला. सातपुडा व्याघ्र प्रकल्पात सोडल्यावर तो परत सारणीकडे आला, पुन्हा पकडला गेला आणि अखेर भोपाळच्या वनविहारात बंदिस्त झाला. २०१९ साली टिपेश्वरहून निघून ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचलेल्या वाघाची कहाणी अधिक सुदैवी. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे त्याचा प्रवास नोंदला गेला: पहिल्या पाच महिन्यांत सुमारे १,३०० किलोमीटर. त्यातला बराचसा भाग शेतांतून होता. तो दिवसा झुडपांत, नाल्यांत पडून राही आणि रात्री चालत असे. हजारो माणसांच्या शिवारांतून तो गेला आणि फारच थोड्यांना दिसला.

रस्ते मात्र रात्रीही झोपत नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये बोरचा प्रसिद्ध वाघ ‘बाजीराव’ नागपूर–अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मेला. याच्या उलट उदाहरण पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ चे. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर तेथे महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी पूल आणि भुयारी मार्ग अशी ९ बांधकामे झाली. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये मार्च ते डिसेंबर या काळात लावलेल्या कॅमेऱ्यांत १८ प्रजातींनी त्यांचा वापर केल्याचे दिसले, आणि ११ वाघ मिळून ८९ वेळा तेथून गेले. म्हणजे वाट दिली तर जनावर ती घेते, आणि लवकर घेते. पेंचकडून सातपुड्याकडे जाणाऱ्या वाघाला मात्र नागपूर–छिंदवाडा रस्ता आणि रुंद झालेला रेल्वेमार्ग ओलांडावाच लागतो. मेळघाटकडे वळला तर पांढुर्ण्याकडचा नागपूर–इटारसी लोहमार्ग आणि महामार्ग त्याच्यापुढे येतो. जुन्या छोट्या रेल्वेगाडीचा वेग आणि फेऱ्या जनावरांच्या सवयीच्या होत्या. ती गाडी आता इतिहासजमा झाली आहे.

गोव्याच्या वाचकाला हे चित्र दूरचे वाटू नये. सौंसरला जे मोहाचे झाड, ते सत्तरीत काजूचे. बोंडे गोळा करण्याची वेळ पहाटेची, हंगाम उन्हाळ्याचा, आणि दोन्हींपासून मद्य गाळले जाते हे साम्य तर आहेच. गवा काजूबागायतीत उतरतो तो याच कारणांनी: वर रान सुकलेले, खाली ओलावा आणि खाद्य. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावली येथे वाघीण आणि तिचे तीन बछडे विषप्रयोगाने मेलेले आढळले, तेव्हा पाळीव जनावर गमावण्याचा राग केवढी किंमत वसूल करतो हे गोव्याने पाहिले. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि पुढे वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मोलेतून जाणाऱ्या लोहमार्गाच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली, त्यातही प्रश्न तोच होता: अभयारण्याची रेषा ओलांडून चालणाऱ्या जनावराची वाट.

वेळेची वाटणी पुन्हा जुळवण्याचे उपाय फार मोठे नाहीत. त्यात पहिला विजेचा. जुन्नर आणि आसपासच्या बिबट्यांच्या पट्ट्यात शेतकऱ्यांनी दिवसा विजेची मागणी लावून धरली, ती याच अनुभवातून. महाराष्ट्रात २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, केंद्राची कुसुम योजना २०१९ पासून सौर पंपांना साहाय्य देते, आणि तिचा लाभ मध्य प्रदेशातही घेता येतो. वन्यजीव संरक्षणाच्या अंदाजपत्रकात सौर पंपाचा उल्लेख सहसा नसतो, पण सौंसरसारख्या भागात तो कोणत्याही पिंजऱ्यापेक्षा अधिक माणसे आणि अधिक वाघ वाचवू शकेल. सूर्य मावळला की पंप बंद पडतो आणि शेतकऱ्याला बागेत थांबण्याचे ते एक कारण उरत नाही.

जागलीचे कारण मात्र उरते. पीक डुकरांनी नेल्यावर पंचनामा, अर्ज, फेऱ्या आणि मग महिन्यांनी येणारी भरपाई, ही साखळी लहान होत नाही तोवर शेतकरी आपले पीक स्वतःच राखणार, आणि राखायचे ते रात्रीच. मका ऑगस्टमध्ये डोक्याएवढा होतो. त्या सुमारास पोळा येतो, दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार होते, आणि सण आटोपून माणसे पुन्हा माळ्यावर चढतात.